कपाटातला टॅब बाहेर काढा

प्रश्न : मुलगा पुण्यात नोकरीला आहे. दिवाळीला आला तेव्हा त्याने दहा इंची टॅब आणून दिला. चार दिवस हौसेनं पाहिला, मग पिशवीत गुंडाळून कपाटात गेला. फोनवर सगळं दिसतंच, मग याचं करायचं काय? मिस्टर म्हणतात, नातवाला देऊन टाक. वय 58, शिक्षण दहावी. घरी सासूबाई आहेत, थोडी द्राक्षबाग आहे.
– एक वाचक, पलूस तालुका

उत्तर : ताई, एवढ्यात नातवाला देऊ नका. आधी चार्जिंगला लावा. इतके महिने पडून बॅटरी पार उतरली असेल, तर पहिला अर्धा तास काहीच दिसणार नाही. बिघडला म्हणून घाबरू नका.

मग त्याला घरात एक ठरलेली जागा द्या. फोन आपल्याबरोबर फिरतो, टॅब मात्र जागेवर असला तरच घरातल्या सगळ्यांच्या हाताला येतो. आमच्याकडे लॉकडाऊनमध्ये नातीच्या शाळेसाठी घेतला होता. शाळा सुरू झाल्यावर तो सासूबाईंच्या पोथीच्या लाकडी स्टँडवर जाऊन बसला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी त्यांना छापील पेपर वाचवत नव्हता. दोन बोटांनी अक्षर मोठं होतं हे कळलं, त्या दिवशी त्यांनी अग्रलेखापासून निधनवार्तांपर्यंत सगळा पेपर वाचला. आता वाईत तयार झालेला मराठी विश्वकोशही त्या टॅबवर वाचतात, तोही फुकट. टाईप करता येत नाही, म्हणून माईकचं चिन्ह दाबून मराठीत बोलतात, की शब्द उमटतात.

तुमची बाग आहे, म्हणून सातबाऱ्याचं सांगते. नुसता पाहायला पैसे पडत नाहीत, डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांना मिळतो. फोनवर तो तक्ता इकडून तिकडे सरकवताना अर्धा नजरेतून सुटतो. मी टॅब आडवा धरून आमच्या तासगावकडच्या रानाचा उतारा उघडला, तर वारसांत मिरजेच्या नणंदेचं नावच नव्हतं. फोनवर दहा वेळा पाहिलेला उतारा होता तो! फेरफार क्रमांक लिहून घेतला, तलाठ्यांकडे अर्ज दिला, चार महिन्यांनी नाव लागलं. हा एवढा एक उपयोग झाला असता, तरी माझे टॅबचे पैसे वसूल होते.

आणि पूर. पलूसकरांना मी काय सांगावं! 2019 च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा आम्ही सांगलीत गावभागात राहत होतो. कोणी म्हणे उतरतंय, कोणी म्हणे चढतंय, फोनवर आलेला प्रत्येक मेसेज खरा वाटायचा. शेवटी रात्री सासूबाईंना खुर्चीत बसवून चौघांनी उचलून बाहेर काढलं. त्यांनी माझा दंड धरला होता, त्या बोटांचे वळ दोन दिवस होते. 2021 ला मी टॅब समोर ठेवून जलसंपदा विभागाचे आकडे दर दोन तासांनी कॅलेंडरच्या मागे लिहीत गेले : कोयनेतून विसर्ग किती, आयर्विनला फूट किती. कोयनेचं पाणी कराडला कृष्णेत येऊन सांगली गाठेपर्यंत जो वेळ जातो, तोच आपला आवराआवरीचा. इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. आम्ही 39 लाच कागदपत्रं, औषधं आणि सासूबाईंना घेऊन नणंदेकडे गेलो. पावसाळ्यात टॅब रोज संध्याकाळी पूर्ण चार्ज ठेवा, वीज कधी जाईल सांगता येत नाही.

एक मात्र पाळा. बँकेचं ॲप त्यात घालू नका. टॅब उघड्यावर असतो, येणारा-जाणारा हात लावतो. पैशाचे व्यवहार तुमच्या फोनवरच राहू द्या.

टॅबच्या कडेला सिमची खाच नसेल, तर तुमच्या फोनचा हॉटस्पॉट चालू करून त्याला जोडा. मुलाला फोनवर विचारलंत तर पाच मिनिटांत जमेल. मग टॅब आडवा धरा, सातबारा उघडा आणि त्यातलं एकेक नाव मिस्टरांना मोठ्यानं वाचून दाखवा.