मधुमेहामुळे ताठरता येत नाही, गोळ्यांचाही उपयोग नाही. इम्प्लांट करून घ्यावं का?

तुमचं वय ५२, साखर पंधरा वर्षांची, आणि डॉक्टर आता इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून लिंगात दांड्या बसवायचं म्हणतायत, असं तुम्ही लिहिलंय. मी डॉक्टर नाही, पण माझं चार वर्षांपूर्वी झालंय.

आधी सांगा, गोळी नीट घेतली होतीत ना? मी सिल्डेनाफिल मटणाच्या जेवणावर घेऊन 'काही होत नाही' म्हणत बसलो होतो. ती रिकाम्या पोटी, तासभर आधी घ्यायची, आणि मनात इच्छा नसेल तर काहीच करत नाही. (छातीदुखीसाठी नायट्रेट चालू असेल तर तिला हातही लावू नका.) पुढे लिंगावर बाहेरून लावायचा व्हॅक्यूम पंप झाला, लिंगात टोचायचं इंजेक्शनही झालं. इंजेक्शनने काम व्हायचं, पण सुई बाहेर काढली की बायको तोंड फिरवायची.

इम्प्लांट सगळ्यात शेवटी येतं ते उगाच नाही. दांड्या बसवताना आतला स्पंज दाबला जातो, आणि नैसर्गिक ताठरता थोडीफार उरली असली तरी तीही जाते. पुढे काढून टाकलं तरी ती परत येत नाही.

इम्प्लांटच्या पंपवाल्या प्रकारात सलाइनची टाकी मूत्राशयाजवळ आणि पंप अंडकोषाच्या पिशवीत असतो. हवं तेव्हा पंप दाबून दांड्यांत सलाइन भरायचं, मग रिकामं करायचं. दिसायला तोच जास्त नैसर्गिक, पण खर्च लाखांत. मी वाकणाऱ्या दांड्यांचा घेतला, मुंबईच्या डॉ. रुपिन शाह यांनी तयार केलेला भारतीय. कारण पैसा, दुसरं काही नाही. ह्या दांड्या कायम ताठच असतात, एरवी वाकवून ठेवायच्या. सुरुवातीला पायजम्यात पाहुण्यांसमोर उभं राहायचा धीर होत नव्हता. आता आठवणही राहत नाही.

मिळते ती फक्त ताठरता. इच्छा, स्पर्श, वीर्यपतन पूर्वी जसं होतं तसंच. पुढचं टोक मऊच राहतं. लांबी थोडी कमी वाटते, हे मात्र मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

आपल्यासारख्यांना खरी भीती संसर्गाची. जंतू शिरले तर बहुतेक वेळा सगळंच काढावं लागतं. माझं एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ९.४ होतं, सर्जनांनी तारीखच दिली नाही. तीन महिने भात-साखर आवरून ७.५ वर आणलं, मग ऑपरेशन. दोन आठवडे बदकासारखं चालत होतो, संबंध सहा आठवड्यांनी. हृदयाचीही तपासणी करून घ्या. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे आधी त्या चोंदतात.

आणि डॉक्टरांकडे एकटे जाऊ नका. मी पहिल्यांदा एकटाच गेलो होतो. दुसऱ्या खेपेला बायको आली आणि तिने विचारलं, "ह्याचा मला त्रास नाही ना होणार?" मला तो प्रश्न सुचलाच नव्हता. डॉक्टरांनी नमुन्याची दांडी तिच्या हातात दिली. तिने ती वाकवली, सरळ केली, पुन्हा वाकवली, आणि म्हणाली, "घ्या तारीख."