धार येतेय तरी इंजिन तापतंय

प्रश्न: माझं ४० हॉर्सपॉवरचं सेकंडहँड फोर-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर लावायचं इंजिन) आहे, खाऱ्या पाण्यातच चालतं. हळू चालवलं तर काही त्रास नाही, पण फुल थ्रॉटलवर पाच-सात मिनिटं गेली की अलार्म वाजतो आणि इंजिन आपोआप मंद होतं. मागून पाण्याची धार व्यवस्थित येते म्हणून मेकॅनिक म्हणाला पंप चांगलाय, सेन्सर गेलाय. सेन्सर बदलला, फरक काहीच नाही. आता इंजिनचं डोकं (सिलिंडर हेड) उघडायला सांगतोय. उघडू का?

उत्तर: नका उघडू, इतक्यात तरी नाही. आणि कुणी अलार्मची वायर काढून चालवा म्हटलं तर अजिबात ऐकू नका, तो अलार्म आहे म्हणून तुमचं इंजिन अजून सीझ झालेलं नाही.

आधी त्या धारेचं बोलू, कारण सगळे तिच्यावरच फसतात. बऱ्याच इंजिनांत ही धार थर्मोस्टॅटच्या (इंजिन गरम झालं की पाण्याची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) अलीकडूनच फुटलेली असते, म्हणजे पंप पाणी वर चढवतोय एवढंच ती सांगते, ते पाणी पुढे सिलिंडरभोवती फिरून बाहेर पडतंय की नाही हे तिला बघून कळत नाही. शिवाय हळू चालवताना जेवढं पाणी पुरतं तेवढं फुल थ्रॉटलला पुरत नाही, तेव्हा उष्णता कितीतरी जास्त तयार होते. म्हणून मी पहिला प्रश्न नेहमी हाच विचारतो की तापतं कधी. फक्त हळू असताना तापत असेल आणि वेग घेतल्यावर थंड होत असेल तर संशय झिजलेल्या इम्पेलरवर (पंपातल्या रबरी पात्यांच्या चाकावर), किंवा प्रेशर रिलीफ व्हॉल्व (पाण्याचा दाब वाढला की उघडणारी झडप) असेल तर तो उघडा अडकलाय का यावर. तुमचं उलट आहे, वेगातच तापतंय, म्हणजे पाणी कुठेतरी कमी पडतंय किंवा वाट अरुंद झालीय.

तर खालून वर या. गिअरकेसवरच्या (प्रोपेलर असलेल्या खालच्या युनिटवरच्या) पाणी घ्यायच्या जाळ्या बघा, शेवाळ, शिंपले, रंगाचा थर, प्लास्टिकचा तुकडा, काहीही असतं तिथे. मग इंजिन ट्रान्समवर (बोटीच्या मागच्या फळीवर) फार उंच तर बसवलेलं नाही ना ते बघा, कारण सेकंडहँड इंजिन दुसऱ्या बोटीवर लावलं की हे हमखास होतं आणि वेगात जाळ्या पाण्याबाहेर यायला लागून पंप हवा ओढतो. हे दोन्ही तपासायला पैसे लागत नाहीत.

मग इम्पेलर. शेवटचा कधी बदलला हे माहीत नसेल तर बदलायचाच, यावर मी वाद घालत नाही. रबर कडक होतं, पाती एका बाजूला वाकून तशीच राहतात, अशा पंपाची धार बघायला ठीक दिसते. खालचं युनिट उतरवल्यावर पात्यांबरोबर पंपाचं कव्हर आणि खालची प्लेटही बघा, त्यावर नख अडेल असे चरे असतील तर नुसता इम्पेलर टाकून उपयोग नाही, अख्खा किट घ्या. बसवताना ग्लिसरीन किंवा साबणाचं पाणी लावा, शाफ्ट इंजिन फिरतं त्याच दिशेला फिरवत कव्हर खाली आणा, इम्पेलर शाफ्टवर अडकवणारी छोटी चावी (की) जागेवर आहे ना बघा आणि वरची पाण्याची नळी रबराच्या बुशात नीट बसली ना तेही बघा, ती चुकली की नवीन पंप असूनही इंजिन तापतं. आणि एखादं पातं तुटलेलं दिसलं तर तो तुकडा शोधल्याशिवाय युनिट बंद करू नका!! मी एकदा नवा इम्पेलर टाकून इंजिन परत दिलं होतं, पंधरा दिवसांत तेच इंजिन पुन्हा तापून आलं, जुन्या पात्याचे दोन तुकडे वरच्या वाटेत अडकलेले होते. तेव्हापासून तुकडे जुळवून पातं पूर्ण होईपर्यंत मी थांबतो.

यानंतर थर्मोस्टॅट. खाऱ्या पाण्याचे क्षार आत जमू नयेत म्हणून आउटबोर्डचा थर्मोस्टॅट बहुतेक ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास उघडतो, गाडीच्या इंजिनापेक्षा बराच आधी. भांड्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने लटकवा, तळाला टेकू देऊ नका, थर्मामीटर ठेवून गरम करा. त्याच्यावर लिहिलेल्या तापमानाला उघडायला लागला आणि थोडं पुढे जाऊन पूर्ण उघडला तर चांगलाय. तो काढलात की त्या जागेत डोकावा, पांढरा खडूसारखा थर दिसला तर दुखणं तिथेच आहे असं समजा. प्रेशर रिलीफ व्हॉल्व बंद अडकला तरी वेगातच तापतं, तोही तेव्हाच काढून बघा. एवढं सगळं करूनही तापलं तर मग डोक्याखालच्या गॅस्केटचा विचार, आणि त्यासाठीही आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा, डोकं नंतर.

प्रश्न: धार अचानक पूर्ण बंद झाली, काल तर नीट होती. पंप गेला का?

उत्तर: असेलही, पण आधी तोटीच साफ करा. मीठ, वाळू, नाहीतर किड्याने केलेलं मातीचं घर. इंजिन बंद ठेवून जाड तंगुसाचा तुकडा आत सरकवा, तार नको. तरी धार नाही आली तर चालवू नका, कोरडा इम्पेलर काही सेकंदांतच जळतो. आणि खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने धुताना मफ (जाळ्यांवर बसवून नळीचं पाणी देणारे रबरी कप) लावून इंजिन न्यूट्रलमध्ये दहा-पंधरा मिनिटं चालू द्या, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत गोडं पाणी सगळीकडे पोचतच नाही.