आपल्या नावाचे डोमेन दुसऱ्याने घेतले असेल, तर कायद्याने ते परत मिळते का?

आपण विचारले आहे की, नागपुरात चौदा वर्षे आर्किटेक्ट म्हणून काम करत असताना आपल्या पूर्ण नावाचे डॉट कॉम डोमेन कुणा अनोळखी माणसाने घेऊन ठेवले आहे, त्यावर 'विक्रीस आहे' एवढीच पाटी दिसते, तर नाव आपले असल्यामुळे ते आपल्याला मिळेल का. मी येथील जिल्हा न्यायालयात वकिली करतो, त्यामुळे आधीच स्पष्ट सांगतो: नाव आपले आहे एवढ्यावर डोमेन मिळत नाही. जो आधी नोंदवतो त्याचे ते होते. आणि एकट्या नागपुरात एकाच नावाचे किती देशमुख, वानखेडे, मेश्राम असतील याचा विचार केला, तर हा नियम फारसा अन्यायाचाही वाटत नाही.

मात्र व्यवसायात ते नाव आपली ओळख बनले असेल आणि समोरच्याचा हेतू वाईट असेल, तर वाट निघते. डॉट कॉमच्या तंट्यांसाठी आयकॅन या डोमेन नावांची जागतिक व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेने १९९९ मध्ये यूडीआरपी हे धोरण स्वीकारले. त्यानुसार नावावर ट्रेडमार्कसारखा हक्क असल्याचे, समोरच्याचा त्या नावाशी रास्त संबंध नसल्याचे, आणि डोमेनची नोंदणी व वापर दोन्ही वाईट हेतूने झाल्याचे दाखवावे लागते. ट्रेडमार्क नोंदवलेलाच हवा असे नाही. ज्युलिया रॉबर्ट्स यांना २००० मध्ये याच मार्गाने आपले डोमेन मिळाले. त्याच वर्षी गायक स्टिंग मात्र हरले, कारण ते टोपणनाव म्हणजे इंग्रजीतील एक साधा शब्दही आहे.

आपल्याकडे डोमेनसाठी स्वतंत्र कायदा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात डोमेनला 'पासिंग ऑफ'चे, म्हणजे दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपवण्याविरुद्धचे, संरक्षण दिले, आणि २०११ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अरुण जेटली यांच्या नावाचे डोमेन त्यांना मिळवून दिले. पण ते नाव देशाला ठाऊक होते. आपले नाव निदान आपल्या क्षेत्रात ठाऊक आहे हे आपल्याला कागदावर दाखवावे लागेल. महानगरपालिकेने मंजूर केलेल्या नकाशांवरचा आपला सही-शिक्का, तारखेसह बिले, जुनी कात्रणे हे सगळे त्यासाठी उपयोगी आहे.

आणि इथेच बहुतेक प्रकरणे अडतात. डोमेनच्या नोंदीत मालकाचे नाव आता सहसा झाकलेले असते, पण नोंदणीची तारीख उघड दिसते. आपले नाव व्यवसायात परिचित होण्याआधीच त्या माणसाने डोमेन घेतले असेल, तर ते आपल्याला लुबाडण्यासाठी घेतले असे म्हणता येत नाही. (डोमेन मध्येच हात बदलून त्याच्याकडे आले असेल, तर त्याने ते घेतल्याची तारीख धरतात.) तो माणूस आपल्याच नावाचा निघाला, तर प्रश्नच मिटला: उझी निसान या गृहस्थांनी १९९४ मध्ये आपल्या आडनावाचे डोमेन घेतले, आणि मोटार कंपनीने खटला भरूनही ते त्यांच्याकडेच राहिले.

आणखी एक चूक टाळावी. धरमपेठेतील एक दंतवैद्य बाई ईमेलच्या छापील प्रतींचा गठ्ठा घेऊन माझ्याकडे आल्या. समोरच्याने चार हजार डॉलर मागितले होते आणि हाच वाईट हेतूचा पुरावा, असे त्यांचे म्हणणे होते. गठ्ठ्यातला सर्वांत खालचा कागद काढला, तर 'किती घ्याल?' हा पहिला मेल बाईंचाच होता. आपण होऊन किंमत विचारली की त्या पुराव्याचे वजन बरेच कमी होते.

यूडीआरपीखालील तक्रार वायपोकडे, म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे करायची, तर एका पंचासाठी पाच डोमेनपर्यंत १५०० डॉलर शुल्क लागते; तेथे डोमेन मिळते किंवा रद्द होते, नुकसानभरपाई मिळत नाही. भरपाई हवी असेल तर दिवाणी दावा, आणि तो जिल्हा न्यायालयात. अशा दाव्यासाठी थेट नागपूर खंडपीठात जाता येत नाही, हे पक्षकारांना पटवताना माझा बराच वेळ जातो. डॉट इनचे धोरण थोडे सोयीचे आहे, कारण त्यात ट्रेडमार्कबरोबर 'नाव' हा शब्दही आहे आणि नोंदणी किंवा वापर यांपैकी एक वाईट हेतूने झालेला असला तरी पुरतो.

तेव्हा मेल लिहिण्याआधी नोंदणीची तारीख पाहा. ती आपल्या पहिल्या मंजूर नकाशाच्या आधीची निघाली, तर पंधराशे डॉलर वाचवून डॉट इन किंवा देवनागरीतले डॉट भारत आजच आपल्या नावावर करून घ्यावे.