टप्पा, ताप्पा आणि मजल

प्रश्न असा आला आहे : ‘इटलीच्या सायकल शर्यतीत, म्हणजे जिरो द’इटालियात, एकेका दिवसाच्या शर्यतीला “ताप्पा” म्हणतात. हा आपलाच टप्पा का? आणि फ्रान्सच्या सायकल शर्यतीविषयी, म्हणजे टूर द फ्रान्सविषयी, मराठीत लिहिताना “स्टेज”साठी टप्पा लिहावा की मजल?’

आधी नात्याचं सांगतो. दोन्ही शब्द कानाला सख्खे भाऊ वाटतात, पण नातं काहीच नाही. आपल्या टप्प्यात ‘टप’ हा आवाज आहे. चेंडू जमिनीला लागून उसळतो तो टप्पा. एका उडीत जेवढं अंतर कापलं जातं तोही टप्पा, आणि पुढे डाकेची पिशवी एका हरकाऱ्याकडून दुसऱ्याच्या हाती जाते त्या ठाण्यालाही टप्पाच म्हणू लागले. ‘टपाल’ यावरूनच आलं असं मानतात. इटालियन ताप्पा मात्र फ्रेंच ‘एताप’वरून आला, आणि एतापचं मूळ जुन्या डच भाषेतल्या ‘स्टापेल’मध्ये आहे. स्टापेल म्हणजे मालाची रास, वखार. इथे उडी नाही की उसळी नाही, आहे ती कोठारातली थप्पी.

वखारीपासून शर्यतीपर्यंतची या शब्दाची वाट मला फार आवडते. एताप म्हणजे आधी व्यापाऱ्यांचा माल उतरवण्याची जागा. मग कूच करणाऱ्या फौजेला शिधा मिळे ते ठाणं, आणि तो शिधाही. मग फौज रात्री थांबे तो मुक्काम. आणि शेवटी दोन मुक्कामांमधलं अंतर. शब्द होता जागेचा, झाला वाटेचा. ‘एताप जाळणे’ असा फ्रेंच वाक्प्रचार आहे. मुक्कामाच्या ठिकाणी न थांबता पुढे जाणे हा त्याचा मूळ अर्थ. आज तो मधल्या पायऱ्या गाळून घाई करण्यासाठी वापरतात.

आता आपली ‘मजल’ पाहा. अरबी ‘मन्झिल’ म्हणजे उतरण्याची जागा, जिथे प्रवासी जनावरावरून खाली उतरतो, सामान सोडतो. मराठीत आल्यावर मजल म्हणजे दिवसभराची चाल झाली : मजल मारली, मजल दरमजल करीत आले. इथेही जागेचा शब्द वाटेचा झाला. रक्ताचं नातं नाही, पण एतापचा मराठीतला खरा जोडीदार टप्पा नव्हे, मजल आहे.

आणि टूरची पहिली वर्षं पाहिली तर मजल हाच शब्द तोंडी येतो. १९०३ साली ‘लोतो’ या वृत्तपत्राने खप वाढवण्यासाठी ही शर्यत सुरू केली. संपादक आंरी देग्रांज, कल्पना त्यांचे तरुण सहकारी झेओ लफेव्र यांची. पॅरिस, लियों, मार्सेय, तुलूझ, बोर्दो, नांत आणि परत पॅरिस अशा सहा मजला, एकूण २४२८ किलोमीटर. पहिलीच मजल ४६७ किलोमीटरची! १ जुलैला दुपारी निघालेला मोरिस गारँ रात्रभर सायकल चालवून दुसऱ्या दिवशी सकाळी लियोंला पोचला; पावणेअठरा तास लागले. तिथे तो खरोखरच ‘उतरला’, कारण पुढची मजल सुरू झाली ५ जुलैला. साठ जण निघाले होते, शेवटी पॅरिसला पोचले एकवीस. गारँच जिंकला.

वखारीचा जुना अर्थही त्या काळच्या नियमांत जिवंत दिसतो. दोन मुक्कामांच्या मध्ये स्वाराला कुणाची मदत घेता येत नसे. १९१३ मध्ये पिरेनीज पर्वतात तुर्माले घाट उतरताना यूजेन क्रिस्तोफ या स्वाराच्या सायकलचा पुढचं चाक धरणारा चिमटा मोडला. सायकल खांद्यावर घेऊन तो कित्येक किलोमीटर चालत सँत-मारी-द-कांपां गावी आला. लोहाराच्या भट्टीवर त्याने स्वतःच्या हाताने लोखंड तापवून, ठोकून चिमटा जोडला. पण भाता एका पोराने चालवला होता. शर्यतीचे अधिकारी तिथेच उभे होते, आणि भात्याच्या त्या मदतीसाठी त्याला वेळेचा दंड झाला. एका एतापहून निघालास की दुसऱ्या एतापपर्यंत जे असेल ते तुझं तुझ्याकडे, असा तो नियम होता.

एवढं असूनही आज सरसकट मजल लिहा, असं मी म्हणणार नाही. आताच्या टूरमध्ये २१ एताप असतात. आज शर्यत जिथे संपते तिथूनच उद्या सुरू होईल असं नाही. स्वारांना बसने दुसऱ्या गावी नेतात. घड्याळाविरुद्ध एकेकट्याने धावायची शर्यत तर कधी ज्या गावात सुरू होते तिथेच संपते. तिला मजल कशी म्हणणार? शिवाय प्रत्येक दिवसाचा विजेता स्वतंत्र ठरतो, म्हणजे मोजणीसाठी सुटा एकक हवा, आणि ते काम टप्पा चोख करतो. ‘बारावा टप्पा त्याने जिंकला’ हे सहज वाचलं जातं, ‘बारावी मजल जिंकली’ अडखळवतं. मजल मारायची असते, गाठायची असते, जिंकायची नसते.

तेव्हा क्रमांक आणि निकाल सांगताना टप्पा, आणि स्वाराने कापलेली वाट सांगताना मजल : ‘बाराव्या टप्प्यात त्यांनी दोनशे किलोमीटरची मजल मारली.’ ‘स्टेज’ मात्र टाळा. मराठी वाचकाला आधी रंगमंच दिसतो.

इटालियनमध्ये आणखी एक शब्द आहे, ‘ताप्पोने’. ताप्पा मोठा झाला की ताप्पोने. डोलोमाइट पर्वतातले एकामागून एक घाट चढायला लावणारा, शर्यतीचा निकाल फिरवणारा दिवस. त्याला ‘महत्त्वाचा टप्पा’ म्हटलं की चढ, दम आणि लांबी सगळंच निघून जातं. तिथे मी बिनदिक्कत ‘मोठी मजल’ लिहीन.