थर्मोकोलच्या पेटीत कडकनाथ कोंबडीची २० अंडी उबवली, फक्त ४ पिल्लं निघाली. काय चुकलं? आणि कडकनाथ स्वतः अंडी उबवायला, म्हणजे खुडूक, का बसत नाही?

तुम्ही लिहिलंय की बल्ब लावून तापमान ३७.५ वर धरलं होतं, आणि २१ दिवसांनंतर राहिलेली अंडी फोडली तर ९ अंड्यांत पूर्ण वाढलेली पिल्लं मरून पडलेली. ते वाचलं आणि दोन दिवस लिहू की नको असं झालं. आता लिहितेच.

शेवटच्या तीन दिवसांत अंड्यातच मेलेलं पिल्लू म्हणजे बहुतेक वेळा ओलावा कमी पडलेला असतो. पहिले १८ दिवस ५० ते ५५ टक्के आर्द्रता पुरते, त्यानंतर ६५ ते ७० लागते. ती मिळाली नाही की आतला पापुद्रा वाळून पिल्लाच्या अंगाला चिकटतो. पिल्लू टोचा मारतं, पण गोल फिरून टरफल कापायला त्याला हलताच येत नाही. दुसरं, तुमच्या पेटीत पंखा नाही. ३७.५ हा आकडा पंख्याच्या मशीनचा. बिनपंख्याच्या पेटीत वर गरम आणि खाली गार राहतं, म्हणून थर्मामीटर अंड्याच्या वरच्या पातळीला धरून तिथे साडेअडतीसच्या आसपास पाहिजे. आणि झाकण किती वेळा उघडलंत? ते तुम्ही लिहिलं नाहीत. पण उघडलं असणार. आमच्या भाऊजींनीही उघडलं होतं.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. पुण्याला नोकरीला होते, २०२१ च्या उन्हाळ्यात गावी आले ते कोंबडीपालन करायचं डोक्यात घेऊनच. आमचं गाव पाटण तालुक्यात. त्यांनी ६० अंड्यांचं मशीन आणलं आणि कराडकडच्या एका शेतकऱ्याकडून स्वतः जाऊन कडकनाथची ४२ अंडी आणली. त्याच आठवड्यात आमची तांबडी कोंबडी खुडूक झाली. जवळ गेलं की अंग फुगवायची, हात घातला की टोचायची, खाली अंडं नसलं तरी खुराड्यातून उठायची नाही.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, हिची खुडूक काढा. तीन आठवडे नुसती बसून खाईल. परत अंडी घालायला आणा."

खुडूक कशी काढतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. नाकपुड्यांतून पीस आरपार घालतात, नाहीतर गार पाण्यात बुडवून काढतात आणि डालग्याखाली उपाशी कोंडतात. माझ्या माहेरी वडील हेच करायचे. मी तेव्हाही रडायचे आणि आता घरची कर्ती झाल्यावर तर अजिबात करू देणार नव्हते. मी भाऊजींकडं ११ अंडी मागितली. त्यांनी दिली, पण "वाया जाणार" म्हणूनच दिली.

रवण सासूबाईंनी घातलं, म्हणजे कोंबडी बसवायला अंडी मांडली. बुट्टीत तळाला चुलीची राख, तिच्यावर ओलसर वाळूचा थर, वर भाताचं पिंजर, हातानं चोळून मऊ केलेलं. कडेला एक कोळसा आणि लोखंडी खिळा, गडगडाटानं अंडी नासू नयेत म्हणून. कोळशाचं मला पटत नाही, पण राखेचं पटतं, राखेनं उवा होत नाहीत आणि उवा झालेली कोंबडी अर्ध्यात उठते. बुट्टी सोप्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली, रात्री दिवा न लावता तांबडीला वर बसवलं. मी विचारलं, "अंडी उलटायची का रोज?" तर म्हणाल्या, "आगं, ती काय येडी हाय व्हय? तिचं तिला कळतंय."

आणि खरंच कळत होतं. मी रोज बघायची. दुपारी चारच्या सुमाराला एकदाच उठायची. अंगणात भली मोठी घाण टाकायची, पाणी पोटभर, कण्या घाईघाईत, राखेत दोन लोळण्या, आणि पंधरा मिनिटांत परत. बसायच्या आधी चोचीनं कडेची अंडी मधे ओढायची, मधली कडेला जायची. मी अंड्यांवर पेन्सिलीनं आकडे टाकले होते, म्हणून मला दिसायचं. सकाळी मधे असलेलं ७ नंबरचं अंडं संध्याकाळी कडेला. पोटाखाली हात घातला की उघड्या कातडीचा चटका बसायचा. तिथली पिसं गळून गेली होती.

तिकडं मशीनमध्ये ३१ अंडी. सतराव्या रात्री दोन तास वीज गेली, त्याचं खापर भाऊजी आजही विजेवर फोडतात. दोन तासांनी अंडी मरत नाहीत हो, कोंबडीसुद्धा उठतेच की. मरण पुढं आलं. पाण्याची ताटली कोरडी पडली होती, एप्रिलची हवा. विसाव्या दिवशी पहिला टोचा दिसला आणि मग गावातलं जो येईल त्याला झाकण उघडून दाखवणं सुरू झालं. दर उघडण्याला आतली वाफ बाहेर. संध्याकाळपर्यंत सहा अंड्यांना टोचे होते, आणि ते तिथंच थांबले. माझ्या धाकट्यानं, तेव्हा सात वर्षांचा होता, दया येऊन एकाचं टरफल सोललं. पापुद्र्यातल्या शिरा अजून सुकल्या नव्हत्या. रक्त आलं. ते पिल्लू माझ्या तळहातावर अर्धा तास धुगधुगलं आणि गेलं. पोरगं त्या रात्री जेवलं नाही.

त्याच संध्याकाळी सासूबाईंनी मला बुट्टीजवळ बोलावलं. तांबडीचा आवाज बदलला होता, घशातल्या घशात बारीक कुर्र कुर्र. कान लावला तर खालून, न फुटलेल्या अंड्यांतून, चिवचिव उत्तर येत होतं. ती दीड दिवस जागची हलली नाही. चारची वेळ झाली तरी उठली नाही. ११ मधली ९ निघाली, काळी-निळसर, पाठीवर पट्टे. एक अंडं बिनफळाचं होतं, एक नासलं. मशीनमधली ३१ मधली ८.

एकाच शेतकऱ्याची, एकाच दिवशी आणलेली अंडी. तरी भाऊजी आजही चारचौघांत म्हणतात, "वहिनीचं नशीब." नशीब नाही भाऊजी. ती २१ दिवस बसली आणि तुम्हाला झाकण उघडल्याशिवाय राहवलं नाही, एवढाच फरक. त्यांचा हिशोब असा की खुडूक कोंबडी दोन-तीन महिने अंडी देत नाही. माझा हिशोब असा की त्या काळात तिनं ९ पिल्लं काढली, फिरवली, घार आली की पंखाखाली घेतली, वाळवी उकरून खायला घातली, आणि बल्बचं बिल आलं नाही. त्यातल्या चार तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, पुढं अंडी घालायला लागल्या. गावठी कोंबडी वर्षाला ६०-७० अंडीच देते. तिच्याकडून अंड्यांचा धंदा मागणाऱ्यानं लेगहॉर्न पाळावी.

कडकनाथ का बसत नाही म्हणता, तर तिची जातच तशी. मध्य प्रदेशातल्या झाबुआकडची कोंबडी, भिल्ल-भिलाला लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली, २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण रवणाला ती कच्ची, बसलीच तर अर्ध्यात उठते. तिची अंडी दुसऱ्या गावठी किंवा असील कोंबडीखाली घालायची. कडकनाथ पाळता म्हणून मी तुम्हाला नावं ठेवणार नाही. २०१९ ला आमच्या सातारा-सांगलीकडं कडकनाथच्या योजनांत कित्येकांचे पैसे बुडाले, पण ती चूक पैसे गोळा करणाऱ्यांची, पक्ष्याची नव्हे.

एक सांगायचं राहिलं. एका कोंबडीखाली १० ते १२ च अंडी, तीही सात दिवसांच्या आतली आणि न धुतलेली. महिन्याला शंभर पिल्लं काढायची असतील तर मशीनला पर्याय नाही, हे मीही मान्य करते. मग पंख्याचं घ्या, अठराव्या दिवशी अंडी उलटणं थांबवा, पाण्याची ताटली भरा आणि झाकणावर चिकटपट्टी लावा. निघालेल्या पिल्लाच्या पोटात बलक असतो, दोन दिवस दाण्यावाचून त्याचं काही बिघडत नाही, त्यामुळे काढायची घाई नको.

आणि कोंबडी कितीही शहाणी असली तरी मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, तिला कळत नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत आमची १७ पाखरं आठ दिवसांत गेली, त्यात तांबडीही गेली. लस मी टाळली होती, छोटी बाटलीसुद्धा शंभर पक्ष्यांची येते, आपल्या वीस पक्ष्यांसाठी कशाला म्हणून. आता आळीतल्या पाच घरांत मिळून आणतो, बर्फात ठेवून, आणि फोडल्यावर दोन तासांत संपवतो.

तुमची चार पिल्लं किती दिवसांची आहेत ते लिहिलं नाहीत. दोन-तीन दिवसांची असतील आणि शेजारी कुणाची कोंबडी रवणावर तीन आठवडे बसलेली असेल तर आज रात्रीच अंधारात तिच्या पोटाखाली सरकवा, सकाळी आपली म्हणून घेईल. त्याहून मोठी असतील तर घेणार नाही, टोचून मारेल. पाचव्या ते सातव्या दिवसात मानमोडीच्या लासोटा लसीचा एकेक थेंब डोळ्यात, आणि आठव्या आठवड्यात त्याच रोगाच्या आर-टू-बी लसीचं इंजेक्शन.