‘विनोदी संगीत’ म्हणावं का?

प्रश्न नाशिकच्याच एका हौशी नाट्यसंस्थेतल्या ताईंचा आहे. मुलांच्या नाटकाचं पत्रक छापायचंय. नाटकात बेसूर गाणारा एक राजा आहे आणि त्याच्या दरबारातले वादक जमेल तेव्हा त्याची खोडी काढतात. पत्रकाच्या मसुद्यात ‘विनोदी संगीत’ असं लिहून पुढे पेटीवाल्या काकांचं नाव घातलं, तर काका बिघडले. “माझं संगीत विनोदी? मग माझं नाव काढाच.” त्यावर कुणीतरी ‘हास्यसंगीत’ सुचवलं. ताई विचारतात, यातलं बरोबर काय? आणि जाता जाता आणखी एक: राजाच्या गाण्याला बेसूर म्हणायचं की कणसूर?

मी काकांच्या बाजूचा आहे.

व्याकरणात ‘विनोदी संगीत’ला काही खोट नाही. खोट आहे ती आपल्या रोजच्या बोलण्यात. विनोदी लेखक, विनोदी नाटक, विनोदी किस्सा म्हटलं की हसवणारा शहाणा आणि हसणारे आपण, हे ठरलेलं असतं. पण “काय विनोदी गातोस रे!” असं कुणी म्हणालं तर ती तारीफ नसते. तिथे विनोदीचा अर्थ सरळ हास्यास्पद होतो. मला यामागचं कारण असं वाटतं, की किश्श्याला विषय असतो, पात्रं असतात, त्यामुळे हसू त्यांच्यावर जातं. नुसत्या सुरांना असा विषय नसतो. मग हसायला समोर उरतो तो वाजवणारा. काकांना नेमकं हेच टोचलं असणार, आणि त्यांचा कान भाषेलाही तयार आहे असं म्हणावं लागेल.

मजा अशी, की ‘विनोद’ शब्दात हसणं मुळात नव्हतंच. ‘काव्यशास्त्रविनोदेन कालो गच्छति धीमताम्’ या सुभाषितातले बुद्धिमान लोक एकमेकांना चुटके सांगत बसलेले नाहीत, ते काव्यशास्त्रात मन रमवताहेत. कल्याणीच्या चालुक्यांपैकी राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजानं मन कसं रमवावं याचा एक मोठा भाग आहे. त्याचं नावच ‘विनोदविंशती’, म्हणजे वीस विनोद. त्यात गीतविनोद आहे, वाद्यविनोद आहे, नृत्यविनोद आहे. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, हा प्रसिद्ध उल्लेखही याच ग्रंथातला. तेव्हा सोमेश्वराच्या दरबारात आपल्या काकांना ‘गीतविनोद’ खात्यावर नेमलं असतं तर ते खूश झाले असते. आज त्या आधारावर पत्रक छापू नये. वाचणारे बाराव्या शतकातले नाहीत.

‘हास्यसंगीत’ मला नको वाटतं. सकाळी मैदानावर हात वर करून ‘हा हा हा’ करणारी मंडळी डोळ्यांपुढे येतात. शास्त्राचा आधार शोधायला गेलो तर तोही निसरडा आहे. नाट्यशास्त्रात भरतानं रसांना स्वर वाटून दिलेत: ‘हास्यशृङ्गारयोः कार्यौ स्वरौ मध्यमपञ्चमौ’. हास्य आणि शृंगार दोघांना मध्यम-पंचमच. म्हणजे स्वर ऐकून हसायचं की लाजायचं ते कळणार नाही. ते ठरतं वापरण्यावरून. भरताचं दुसरं वचन जास्त कामाचं आहे. शृंगाराची अनुकृती ते हास्य, असं तो म्हणतो. अनुकृती म्हणजे आपली नक्कल. गंभीर, सुंदर असं काही आधी हवं, मग त्याची नक्कल हसवते.

इथे आपण खऱ्या मुद्द्याशी येतो. संगीतात गंमत होते तेव्हा नक्की होतं काय, हे पाहिल्याशिवाय तिला नाव देता येणार नाही. त्यासाठी तबल्यावरची एक साधी तिहाई घेऊ. त्रितालाच्या सोळा मात्रा. ‘तिट कत गदि गन धा’ हा तुकडा पाच मात्रांचा. तो तीनदा वाजवायचा, मध्ये दोन ठिकाणी एकेक मात्रा थांबायचं. समेपासून, म्हणजे पहिल्या मात्रेपासून, निघालात तर पहिला धा पाचव्या मात्रेवर, दुसरा अकराव्या, आणि तिसरा सतराव्या, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या समेवर. ज्याला तालाचं ओ की ठो कळत नाही तोही दोन धा ऐकल्यावर तिसऱ्यासाठी मान तयार ठेवतो. आता तबलजीनं दुसरा थांबा खाल्ला, की तिसरा धा सोळाव्या मात्रेवर, समेच्या एक मात्रा आधीच येऊन पडतो. मान खाली यायची असते, पण पोचायच्या आत काम उरकलेलं. मैफलीत हेच जाणून केलं तर त्याला ‘अनागत’ म्हणतात आणि जाणकार ‘वा!’ म्हणतात. समेनंतर आलं तर ‘अतीत’. मुलांच्या नाटकात हेच केलं, तबलजी मख्ख चेहऱ्यानं बसला आणि राजा मात्र हात उंचावून खांबासारखा उभा राहिला, तर पोरं खिदळतील. ठोका तोच आहे. दाद मिळते की हसू, हे आजूबाजूवर ठरतं.

याला आपल्याकडे तयार शब्द आहेत: हूल देणं, हुलकावणी, चकवणं. कबड्डीतला चढाईवालाही हूल देतो आणि तबलजीही. आणि हूल बसायला समोरच्याची काहीतरी अपेक्षा असावी लागते. ज्याला काही अपेक्षाच नाही त्याला कोण चकवणार?

ऑस्ट्रियाचा संगीतकार हायडन हा या हुलीचा दादा. त्याच्या 1781 च्या एका चौकडीला (दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो) ‘विनोद’ असंच टोपणनाव पडलंय. शेवटच्या भागात एक उड्या मारणारी चाल पुन्हा पुन्हा येते, इतकी की ऐकणाऱ्याला पाठ होते. मग शेवटी तो त्या चालीचे तुकडे करतो. तुकडा, शांतता. तुकडा, शांतता. असे चार. संपलं वाटतं. मोठी शांतता. टाळ्यांसाठी हात उठतात, आणि पुन्हा चालीचा पहिला तुकडा, अगदी हळू. आता पुढचा येणार म्हणून आपण कान टवकारतो, तर तो येतच नाही. संपलं ते तिथेच, सुरुवातीवर. म्हणजे नियमही त्यानंच शिकवला आणि मोडलाही त्यानंच. त्याची 94 क्रमांकाची सिंफनी जास्त प्रसिद्ध आहे: संथ भागात अंगाईसारखी हलकी चाल, ती आणखी हळू झाली आणि मग सगळ्या वाद्यवृंदाचा एकदम दणका. मला चौकडीतली गंमत वरच्या दर्जाची वाटते. दणक्यानं दचकायला पाळण्यातलं बाळसुद्धा पुरतं.

नक्कल हा दुसरा रस्ता. फ्रान्सच्या सां-सांसनं 1886 मध्ये प्राण्यांवर एक मालिका रचली. त्यात कासवासाठी त्यानं नवी चाल केलीच नाही. ऑफेनबाखचा धिंगाणा घालणारा कॅन-कॅन नाच घेतला आणि तो इतका संथ केला की पाय उचलता उचलत नाही. आपल्याकडे ढोलकीच्या फडावरची लावणी विलंबित एकतालात मांडावी तसं. हत्तीसाठी बर्लिओझच्या परीनृत्याची नाजूक चाल थेट डबलबेसला, म्हणजे सगळ्यात खर्जातल्या वाद्याला दिली. ज्यानं मूळ ऐकलंय तो हसतो. ज्यानं ऐकलं नाही त्याला नुसतं संथ, जाड काहीतरी ऐकू येतं. सां-सांसला आपण गंभीर संगीतकार आहोत याची इतकी काळजी, की त्यातला हंसाचा एक तुकडा सोडला तर बाकी मालिका त्यानं हयातीत छापू दिली नाही. 1921 साली तो गेला, त्यानंतर ती छापली गेली. पेटीवाले काका एकटे नाहीत!

आपल्याकडे नकलेचा हातखंडा प्रकार म्हणजे चाल एकाची आणि शब्द भलत्याचे. मंगलाष्टकांचं वृत्त शार्दूलविक्रीडित. ओळीत एकोणीस अक्षरं, बाराव्याला दम घ्यायचा, पुढे सात. त्या सात अक्षरांत ‘कुर्यात् सदा मंगलम्’ चपखल बसतं. आता आधीच्या बारा अक्षरांत बाजाराची यादी घाला:

कांदे चार किलो हवेत मिरची, कुर्यात् सदा मंगलम्!

गुरुजींच्या ठेवणीतल्या आवाजात, शेवटचं अक्षर लांबवत म्हणून बघा. शब्दांत विनोद फारसा नाही. यादी ती यादीच. चालीतही नाही, तीही नेहमीची. हसू येतं ते दोघांच्या जोडीवर. हे ‘विडंबन’, आणि शब्द बदललेल्या गाण्याला ‘विडंबनगीत’ हा रुळलेला शब्द. सां-सांसनं केलं ते मात्र विडंबनगीत नव्हे, कारण तिथे शब्दच नाहीत. त्याला मी ‘चालीची नक्कल’ म्हणेन. ‘सांगीतिक विडंबन’ही चालेल, पण पत्रकावर ते प्रबंधाच्या मथळ्यासारखं दिसतं.

तमाशातल्या झीलकऱ्यांची, म्हणजे मागून सूर धरणाऱ्यांची, एक गंमत वेगळी आहे, ती नाटकाला उपयोगी पडेल म्हणून सांगतो. पुढचा काहीही म्हणाला तरी मागच्यांचं ‘जी जी रं जी’ ठरलेलं. राजानं “आमच्यासारखा गवई त्रिभुवनात नाही” असं गायलं आणि मागून जोरात ‘जी जी रं जी’ आलं, की झील म्हणजे होकार न राहता टोमणा होतो. सूर एकही बदलावा लागत नाही.

या सगळ्यांतून एक प्रकार वगळायला हवा. मिरवणुकीत नाशिक ढोल वाजतोय, म्होरक्यानं थांबायची खूण केली, सगळे थांबले आणि त्या शांततेत कुणा एकाचा ‘ढुम्’ उरला. रस्ता हसतो. पण ही खोडीही नाही, नक्कलही नाही. ही फजिती. तीच फजिती मुद्दाम, मोजून-मापून रचली की मग तो विनोद. नाटकात ठेवणार असाल तर ढोलवाल्या मुलाला तो एक ठोका पक्का बसवून घ्या. अर्धवट बसला तर खरीच फजिती.

तर पत्रकावर काय लिहायचं? श्रेयनामावलीत नुसतं ‘संगीत’ आणि काकांचं नाव. हसू येतं की नाही हे प्रेक्षक बघतील. ते आधी छापायची गरज नाही. वर नाटकाची ओळख करून देताना ‘सुरांच्या खोड्या’ लिहा, असं माझं मत. ‘खोडी’त तीन गोष्टी आपसूक येतात: काढणारा जाणता आहे, ज्याची काढली तो बेसावध होता, आणि दुखापत कुणालाच नाही. काकांना विचारून बघा. मला वाटतं ते चिडणार नाहीत.

आता बेसूर की कणसूर. कणसूर म्हणजे कणभर हललेला सूर. तानपुरा लावताना एखादी तार जरा उतरली की तो. कणसूर गाण्यानं कुणी हसत नाही. तोंड वेडंवाकडं होतं आणि बिचारा आणखी थोडा वर जाईल म्हणून आपणच मनातून ढकलत राहतो. हसवायचं असेल तर गाणं खुशाल, ठाम बेसूर हवं. मोझार्टनं 1787 मध्ये ‘सांगीतिक थट्टा’ अशा नावाची एक रचना केली. ती अडाणी रचनाकारांची नक्कल आहे. त्यात हॉर्नवाले चुकीचे सूर वाजवतात आणि शेवटी तर वाद्यं आपापल्या वेगळ्या पट्टीत, पूर्ण आत्मविश्वासानं, एकदमच थांबतात. चूक तिळभर असती तर ऐकणाऱ्याला छापखान्याची चूक वाटली असती. तेव्हा राजाला पेटीच्या पट्टीपेक्षा अर्धा स्वर वर धरून तिथेच न हलता राहायला शिकवा. हे सुरात गाण्याहून अवघड आहे, म्हणून या कामाला चांगला कान असलेला मुलगा निवडा.

‘बेसूर’ आणि ‘भेसूर’ यांचीही गल्लत होऊ देऊ नका. मसुद्यात एके ठिकाणी ‘भेसूर राजा’ पडलंय. भेसूर म्हणजे भीती वाटावी असा. तो भुताच्या नाटकात चालेल. आणि एक विनंती: पात्रपरिचयात ‘बेसूर राजा’ असं पात्राचं नाव लिहा, ‘बेसूर गायन’ असं लिहून पुढे मुलाचं नाव नको. पत्रकं नातेवाईक जपून ठेवतात.