मोर्सच्या भागांची क्रमवारी लावणार असशील तर

'इन्स्पेक्टर मोर्स' या ऑक्सफर्डमध्ये घडणाऱ्या ब्रिटिश पोलीस-रहस्य टीव्ही मालिकेचे एकूण ३३ भाग आहेत, १९८७ ते २००० मधले, आणि प्रत्येक जवळजवळ सिनेमाएवढा. त्यामुळे सगळे बघून होईपर्यंत पहिल्या पाचांचा विचारही करू नकोस.

खुनी कोण, यावर गुण देऊ नकोस. खरं सांगायचं तर मोर्समधली रहस्यं कधीकधी फारच ओढूनताणून जुळवलेली असतात, आणि मोर्स स्वतःही आधी चुकीच्याच माणसावर संशय घेतो. दुसऱ्यांदा बघताना, उत्तर माहीत असूनही जो भाग धरून ठेवतो, तो वर घे. माझ्या यादीत 'मेसॉनिक मिस्टरीज' कायम वर असतो. डॅनी बॉयलने दिग्दर्शित केलेल्या या भागात मोर्सवरच खुनाचा संशय येतो, तोही मोझार्टच्या ऑपेराच्या तालमीत! मोर्स झालेल्या जॉन थॉचा चेहरा त्यात बघण्यासारखा आहे.

मोर्सचा सहकारी सार्जंट लुईस, त्याच्याकडेही लक्ष ठेव. मोर्सच्या तिरकसपणाला त्याच्या साध्या, संसारी शहाणपणाची जोड मिळाली नाही तर भाग कोरडा वाटतो. 'द वेंच इज डेड'मध्ये लुईस नाही. कालव्यावरच्या जुन्या खुनाचा तपास सुरेख असूनही मी त्याला मधेच ठेवतो. 'प्रॉमिस्ड लँड' ऑस्ट्रेलियात घडतो. ऑक्सफर्डशिवाय मोर्स चालतो का, ते तूच ठरव, इथे आमच्यात कायम भांडणं होतात.

'द रिमोर्सफुल डे' मात्र क्रमवारीबाहेर ठेव. शेवटचा भाग आहे, रडून झाल्यावर कोणी तटस्थपणे गुण देत नाही.